छातीच्या दवाखान्यातलं कपाट

सिस्टरबाईंना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी दुपारचा चहा हातात आला की मन छातीच्या दवाखान्यातल्या त्या दोन खोल्यांत जाऊन बसतं. फिनेलचा वास, रोग्यांच्या कार्डांचं हिरवं लोखंडी कपाट, बाकावर तोंडाला रुमाल लावून बसलेली माणसं. क्षय म्हटला की तेव्हा लोक चार हात लांब पळत. सुनेला माहेरी धाडत, कामगाराला घरी बसवत. म्हणून सिस्टरबाई नावानं हाक मारत नसत, नंबरानं मारत. एकशे बारा नंबरचा लोहार म्हणायचा, "सिस्टर, हल्ली बायकोनं नावानं हाक मारली तर ओ द्यायचं सुचत नाही!"

एके सकाळी कामगार खात्याचे साहेब आले.

"कारखान्यांत, दुकानांत काम करणारे रोगी किती, त्यांची नावा-पत्त्यांसकट यादी हवी."

"आकडा आत्ता देते. नावं त्यांची आहेत, साहेब. त्यांना विचारावं लागेल."

"सरकारपासून काय लपवायचंय, बाई?"

"मला काहीच नाही. त्यांना असेल. आठ दिवस द्या."

मोठे डॉक्टर मनानं भले, पण पेन्शन तोंडावर आलेली. "कशाला विस्तवाशी खेळता?" एवढंच ते म्हणाले.

सिस्टरबाईंनी गोळ्या देता देता एकेकाला आत घेऊन, दार लोटून विचारलं. लोहार म्हणाला, "घाला माझं. भट्टीपुढे खोकणारा कुणाला दिसत नाही?" तयार कपड्यांच्या दुकानात शिवणारी विधवा मात्र खुर्चीची कड घट्ट धरून बसली. "सिस्टर, दोन पोरी आहेत हो माझ्या." कामावर जाणाऱ्या त्रेसष्ट जणांपैकी नऊ जण हो म्हणाले. नऊच नावं सह्या-अंगठ्यांसकट गेली.

महिन्याभरात सिस्टरबाईंची बदली लसींच्या गोदामात झाली. मग वरून हुकूम आला, कपाट उघडलं गेलं, सगळी नावं गेली. काही जणांच्या नोकऱ्या सुटल्या आणि त्या धाकानं निम्मा बाक रिकामा झाला. औषध अर्धवट सोडून माणसं गायब. सात महिन्यांनी डॉक्टर स्वतः गोदामात आले. म्हणाले, "बाई, परत या. माझ्याच्यानं होत नाही."

सिस्टरबाई परतल्या. पत्ते त्यांना तोंडपाठ होते. त्या साध्या साडीत, पिशवीत भाजी घेऊन, जुनी ओळख असल्यासारख्या घरोघर गेल्या. बरेच जण परतले. काहींनी दारच उघडलं नाही.

शिवणारीच्या खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "भावाकडे गेली म्हणे. तुमचं काय काम होतं?"

"ब्लाउज शिवायला टाकला होता," सिस्टरबाई म्हणाल्या आणि जिना उतरल्या. भाऊ कुठला, हे विचारलं असतं तर आणखी चार प्रश्न आले असते. पण विचारायला हवं होतं का, हे त्यांना अजून उमगलेलं नाही. चहा निवून जातो.