हौदाचं उत्तर

त्या वर्षी माझ्या आठवीत चोवीस मुलं होती आणि गणिताच्या तासाला त्यांतला एकच बोलायचा. फळ्यावर गणित लिहून मी मागे वळेपर्यंत त्याचं उत्तर तयार असायचं. बाकीचे तेवीस त्याचं उत्तर वहीत उतरवायचे. तपासायला वह्या घेतल्या की सगळ्यांची गणितं बरोबर निघायची. चाचणीच्या दिवशी मात्र खरं काय ते दिसायचं.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, धाडहून जीपनं अर्ध्या तासावर. माझं माहेर खामगावचं. या गावात येऊन मला आठ वर्षं झाली होती आणि पोरांना गणित येत नाही असं म्हणायला माझी जीभ कधी रेटली नव्हती. बाजारात हीच पोरं तूर मोजून देताना बघितली होती मी. अडचण होती ती वर्गात तोंड उघडण्याची.

उन्हाळ्यातल्या एका प्रशिक्षणात आम्हाला क्यूआर कोड तयार करायला शिकवलं होतं. बहुतेक शिक्षकांनी तो शिकून तिथंच सोडला. माझ्या मनात एक खेळ आला. गावात सहा ठिकाणी कोड चिकटवायचे. फोननं कोड वाचला की तिथलंच एक गणित समोर येईल. उत्तर बरोबर असलं तरच पुढच्या ठिकाणाचा पत्ता उघडेल. मारुतीच्या पाराचा घेर, पिठाच्या गिरणीची दोन चाकं, बुद्धविहाराच्या कठड्याची जाळी, पंचायतीची पायरी, शाळेचा उतार आणि गुरांच्या पाण्याचा हौद. दोन संध्याकाळी टेप घेऊन मी एकटीच गावभर मोजत फिरले.

मुख्याध्यापकांनी आधी नकारार्थी मान हलवली. "मॅडम, पालक सभेत आपणच सांगतो, पोरांच्या हाती मोबाइल देऊ नका. आता आपणच मागायचे?"

मी म्हटलं, "सर, चौघांत एकच फोन असेल. दोन तासांचं काम आहे."

 त्यांनी स्वतःचा फोन काढून टेबलावर ठेवला. "हा धरा एक. कव्हर फाटलेलं आहे, सांभाळून वापरा म्हणावं."

एक माझा झाला, एक दुसऱ्या वर्गाच्या शिक्षिकेचा, तीन पालकांनी दिले. चौघांचे सहा गट केले. गटात प्रत्येकाला एकच काम होतं. एकानं फोन धरायचा, एकानं मोजायचं, एकानं लिहायचं. चौथ्यानं फक्त "काऊन?" विचारायचं. म्हणजे हे असंच का केलं, दुसऱ्या रीतीनं का नाही. त्याचं समाधान झाल्याशिवाय उत्तर फोनमध्ये टाकायचं नाही, असा नियम. जो गट आधी परत येईल त्यानं पुढचा खेळ तयार करायचा, हे बक्षीस.

त्या हुशार मुलाच्या हाती मी टेप दिली. त्याच गटात एक मुलगी होती. वर्षभरात तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकला होता. घरी एक बैलजोडी आणि दोन म्हशी. शाळा सुटली की त्यांना पाणी पाजायचं काम तिचं. "काऊन"चं काम मी तिला दिलं. ते ऐकून ती खाली बघायला लागली. चूक केली की काय, असं मला वाटलं.

सकाळी नऊला गट सहा दिशांना गेले. मी पारापाशी उभी होते. तिथून पंचायत आणि गिरणी दिसायची. मुलं जमिनीवर काडीनं आकडे लिहीत होती, भांडत होती, पुसून परत लिहीत होती. पारावर बसलेल्या एका आजोबांना दोन पोरींनी घेर म्हणजे काय ते समजावून सांगितलं आणि आजोबांनी दोरीचं दुसरं टोक धरलं. एरवी वर्गात मुकी असणारी मुलं बोलत होती. मला बरं वाटत होतं, पण हा आनंद खेळाचा की गणिताचा, हे मला अजून कळलेलं नव्हतं.

साडेदहाच्या सुमारास त्या हुशार मुलाचा गट माझ्याकडे चालत आला. धावत नव्हता. बाकीच्या गटांतली मुलं ओरडली, "तुमी काऊन थांबले बे? फक्त गिरणी राह्यली ना तुमची?"

हुशार मुलगा म्हणाला, "मॅडम, हौदाचं उत्तर चुकलं हाये."

"परत मोजा मग," मी म्हटलं.

"आमचं नाई. तुमचं."

मी त्याच्याकडे बघितलं. तो बोलायचा थांबला आणि त्यानं त्या मुलीकडे हात केला. "इनंच विचारलं. सांग ना आता."

ती हळू बोलली, पण अडखळली नाही. "यानं भायेरून मोजलं, मॅडम. लांबी तीन मीटर, रुंदी दीड, उंची ऐंशी सेंटिमीटर. छत्तीसशे लिटर आलं. म्या म्हटलं, भायेरून काऊन? पानी आतमंदी रायते, भित्तीत थोडीच रायते."

मग त्यांनी आतून मोजलं होतं. भिंती पाव मीटर जाड. ती बाही वर करून काडी तळाला टेकवून आली होती. तिची ओढणी अजून ओली होती. आत लांबी अडीच मीटर, रुंदी एक, खोली साठ सेंटिमीटर. दीड हजार लिटर. फोननं ते उत्तर घेतलं नाही.

"मग?" मी विचारलं.

"मंग छत्तीसशे टाकून पाह्यलं. उघडलं," मुलगा म्हणाला. "गिरणीचा पत्ता आला. पण ही म्हणे, खोट्या उत्तरावर पुढं काऊन जायचं? आधी मॅडमले सांगू."

मला आठवलं. मी मोजायला गेले त्या संध्याकाळी हौद काठोकाठ भरलेला होता. साडी भिजेल म्हणून मी बाहेरूनच टेप लावली होती, आणि घाईत तोच आकडा धरला होता.  त्यांच्यासोबत मी हौदापर्यंत गेले. बाही सारली, त्यांच्यासारखीच काडी बुडवली आणि आतून मोजलं. दीड हजार. एकदा नाही, दोनदा मोजलं. तोवर दुसरे तीन गट छत्तीसशे टाकून पुढे गेले होते. कुणाला शंका आली नव्हती, कारण मॅडमचं उत्तर तसंच होतं.

शाळेत सगळे जमल्यावर मी फळ्यावर दोन्ही हिशेब मांडले. एकाखाली लिहिलं, हे माझं, चूक. दुसऱ्याखाली लिहिलं, हे यांचं, बरोबर. मुलं हसली नाहीत. माझ्याकडे आणि त्या चौघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. नंतर मुख्याध्यापक ऑफिसात म्हणाले, "इतकं उघड सांगायची गरज होती का?" मी म्हटलं, "सर, त्यांनी शर्यत सोडून सांगितलं. मी फळ्यावर तरी सांगायला नको?"  दुसऱ्या दिवशी परिपाठाला मुख्याध्यापकांनी स्वतः त्या चौघांना पुढे बोलावलं.

पहिला आलेला गट वेगळाच होता. बक्षीस त्यांचं होतं. पण त्यांच्यातली एक मुलगी उठून म्हणाली की पुढचा खेळ हौदवाल्यांनी करावा, कारण आपण छत्तीसशेच टाकलं होतं. हौदवाल्यांनी प्रत्येक गटातून एकेक जण सोबत घेतला. पुढच्या शनिवारी त्यांनी खेळ लावला तो आमच्यासाठी, म्हणजे शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी. कोड कुठे आहेत ते त्यांनी मलाही सांगितलं नाही. "काऊन" विचारणाऱ्या त्या मुलीच्या वडलांचा आणि माझा गट एक होता. पायरीच्या गणिताला आम्ही दोनदा चुकलो. ती बाजूला उभी राहून बघत होती आणि उत्तर काही सांगत नव्हती. वडील मला म्हणाले, "मॅडम, घरी बी असंच करते आता. वैरण किती लागते सांगितलं की म्हणते, काऊन एवढीच?" तक्रार केल्यासारखं बोलत होते, पण चेहरा तक्रारीचा नव्हता.

तो हुशार मुलगा पुढेही सगळ्यांच्या आधी उत्तर काढायचा. पण आता ते तो तोंडात धरून ठेवायचा आणि शेजाऱ्याच्या वहीत बघायचा. कधी म्हणायचा, "तुझी रीत सोपी हाये." त्याच्या तोंडून हे ऐकलं त्या दिवशी डबा खाताना मी उगाच हसत होते.

आठवीनंतर आमची मुलं शेजारच्या मोठ्या गावातल्या हायस्कूलला जातात, एसटीनं. मागच्या वर्षी तिथल्या गणिताच्या शिक्षकांचा मला फोन आला. मी जरा धास्तावलेच. ते म्हणाले, "तुमच्याकडची पाच-सहा मुलं आहेत माझ्या वर्गात. उदाहरण सोडवून झालं तरी गप्प बसत नाहीत. एकमेकांना विचारत बसतात. काल तर एका मुलीनं पुस्तकातलं उत्तर चुकलेलं दाखवलं."

"चुकलेलं होतं का?" मी विचारलं.

"होतं," ते म्हणाले. "म्हणून तर फोन केला. मला तुमचा तो खेळ शिकायचा आहे."