खालची खिडकी

पुण्याहून निघताना आईने व्हॅनमध्ये डोकं घालून एक लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "आत्ता तर बरं वाटतंय. समुद्रावर तीन रात्री काढून ये, मग बघू."

आईला दमा आहे. कोंदट, ओल धरलेल्या खोलीत तिची छाती भरून येते, म्हणून हॉटेलात राहायला ती नकोच म्हणते. समुद्र पाहून तिला सात वर्षं झाली होती. तिच्यासाठीच मी एक जुनी मालवाहू व्हॅन घेऊन तिच्यात पलंग, छोटा ओटा आणि छताला हवा बाहेर फेकणारा पंखा बसवून घेतला होता. तीन रात्री कोरड्या गेल्या तर डिसेंबरात ती माझ्याबरोबर येणार होती.

पहिला मुक्काम देवगडला, एका आंब्याच्या बागेच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून. मालकांची परवानगी होती, तरी रस्त्याने कोणी गेलं की मला उगाच अवघडल्यासारखं होत होतं. दिवेलागणीलाच सगळ्या खिडक्या लावल्या, पडदे ओढले, पंखा सुरू केला आणि पडून राहिले.

सकाळी जाग आली ती कपाळावर पडलेल्या थेंबाने. बाहेर आभाळ कोरडं होतं. माझ्याच श्वासाची वाफ पत्र्यावर जमून ठिबकत होती. उशीला ओल्या टॉवेलसारखा वास येत होता. तेवढ्यात आईचा फोन आला.

"कसं आहे गं?"

"छान," मी म्हणाले.

तो शब्द शिरोड्यापर्यंत माझ्या डोक्यातून गेला नाही. वाटेत खाडीवरचे पूल लागले, माडांच्या रांगा लागल्या, पण माझं लक्ष मागे, गादीकडे होतं. दुपारी शिरोड्याला किनाऱ्यालगत सुरूच्या झाडांत गाडी लावली आणि दोरी बांधून चादर वाळत घातली. वाटेपलीकडच्या अंगणात एक बाई सुकत घातलेली मासळी उलटत होत्या.

"पाऊस खंय पडलो गो काल?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"पाऊस नाही. गाडीत ओल येते."

"गाडयेत? बघूया तर." मी हो म्हणायच्या आत त्या पदराला हात पुसत आल्यासुद्धा. शेवंतीकाकी त्यांचं नाव. नवरा होडीवर जातो, त्या मासळी सुकवतात आणि बाजारात विकतात.

मी हौसेने लावलेले दिवे, फळ्या त्यांनी पाहिल्याच नाहीत. सरळ गादीचा कोपरा उचलला. खालची फळी ओलीने काळी पडली होती.

"ह्यां बघ. आमी बांगडे असे घातले तर दोन दिसात कुसतले."

मी घाईघाईने छतावरचा पंखा दाखवला. आतली हवा तो बाहेर काढतो, असं समजावलं.

"भायर काढता ता बरां. पण भितर खंयसून येतलो वारो? सगळां बंद करून बसलंस."

इतके महिने मी पंख्यांचे व्हिडिओ पाहिले होते. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

"खिडकी उघडी ठेवली तर बाहेरून दिसतं," मी हळूच म्हणाले.

"कोण बघतलां तुका? हय मी आसंय, नायतर कुर्ल्यो." (कुर्ल्यो म्हणजे खेकडे.)

त्या मला अंगणात घेऊन गेल्या. मासळी जमिनीवर नव्हती. पोफळीच्या चिरलेल्या रिपा दगडांवर टेकवून त्यांवर पसरली होती, खालून हात जाईल एवढी उंच. उरलेल्या रिपांचा भारा त्यांनी माझ्या हातात दिला. गादी ह्यांच्यावर घाल, म्हणाल्या. मग वाऱ्याचं सांगितलं. दिवसा समुद्राकडून खारा वारा येतो. पहाटे तो फिरतो आणि जमिनीकडून मतलई सुटतो. म्हणून रात्री गावाकडची खालची खिडकी उघडी हवी, वरून पंखा ती हवा ओढून घेईल.

गावाकडची खिडकी म्हणजे नेमकी वाटेवरची. मी वळून वाटेकडे पाहिलं. त्यांना ते कळलं असावं.

"मी अंगणातच निजतंय," त्या म्हणाल्या. "कोण इलो तर पयलो माका भेटतलो. आणि मगे तुका भेटूक उरतलो काय बघ!"

संध्याकाळी त्यांनी पेज आणि सुंगटांची किसमूर (भाजलेली सुकी कोळंबी, ओलं खोबरं आणि कांदा) वाढली. ते जेवून मी गाडीत आले. जाळी लावली आणि खिडकी उघडी ठेवली. बराच वेळ त्यांच्या खोकण्याचा आवाज येत होता. मग मला झोप लागली.

सकाळी उठल्याबरोबर छताला हात लावला. कोरडं. गादीखाली हात घातला. कोरडं.

"जिती आसस मगे?" अंगणातून हाक आली.

"आहे! कोरडी आहे!" मी ओरडून सांगितलं. मी सहसा ओरडत नाही.

मग आईला फोन केला. "काल खोटं बोलले. रात्रभर पाणी ठिबकत होतं."

"मला कळलं होतं. तू नुसतं 'छान' म्हणून थांबलीस की काहीतरी बिघडलेलं असतं."

तिसरी रात्र रेडीला, यशवंतगडाच्या पायथ्याशी. इथे अंगणात निजणारं कोणी नव्हतं. दाराची कडी दोनदा तपासली, गावाची बाजू शोधली आणि तिकडची खालची खिडकी उघडली. सकाळी जाळीवर लोहखनिजाची तांबडी धूळ बसली होती. आत सगळं कोरडं. एक आजोबा खिडकीशी थबकून "च्या झाली, बाय?" म्हणाले. मी पडदा ओढला नाही. "उकळतोय," म्हणाले.

परत आल्यावर आई सोसायटीच्या पार्किंगमध्ये व्हॅनमध्ये चढली. लांब श्वास घेतला. नाक किंचित मुरडलं.

"सुकटाचा वास येतोय."

"रिपांचा आहे. घासून धुते."

"कुबट नाही ना? मग चालेल." ती गादीवर आडवी झाली. थोड्या वेळाने तिचा श्वास संथ झाला, घरघर नव्हती. गाडी काढायला आलेल्या शेजारच्या काकांनी खिडकीतून डोकावून विचारलं, "काय चाललंय इथे?"

"आई झोपलीय," मी म्हणाले. "जरा बाजूला उभे राहता का? वारा तिकडूनच येतोय."