पाणी वाढलं

मल्लम्मा,
तू उदगीरला लेकीकडे जाऊन बसलीस आणि माझ्या हातात खडूचा तुकडा देऊन गेलीस. हे पत्र तुझी लेक शिवगंगा तुला वाचून दाखवील. तिला म्हणावं, बाईंनी रागानं लिहिलंय तेही वाच, मधलं गाळू नकोस. माझा तुझ्यावर राग आहे. तुझ्यापेक्षा त्या नायब तहसीलदारावर जास्त आहे. आणि सगळ्यात जास्त कुणावर, ते शेवटी लिहीन.

एवढं लिहून सिंधुताईंनी पेन आपटलं. शेवटचं लिहायला हात धजेना.

सिंधुताई कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. नांदेडचं घर भावांना सोडून एकट्याच लातुरात राहिलेल्या. कारण विचारलं की सांगायच्या, "मल्लम्माची भाकरी." त्यात थट्टा थोडी, खरं जास्त.

गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत मल्लम्माची खानावळ होती. चार पाट, दोन बाकडी, एक चूल. बहात्तरच्या दुष्काळात गावोगाव खडी फुटत होती, तेव्हा या विधवा बाईनं ती मांडली. चाकूरच्या वाटेवर तिचं तीन एकर रान, ते दीर सिद्रामप्पा बघायचा. पहिल्या एसटीच्या टपावरून टोपली यायची, आणि टोपलीत असेल तेच शिजायचं. वांगी आली तर वांगी, अंबाडी आली तर अंबाडी, काहीच नाही तर डब्यातल्या येसराच्या पिठाची आमटी आणि शेंगाचटणी. भाजीबाजार पन्नास पावलांवर, पण तिथली काडी तिनं कधी चुलीवर चढवली नाही.

"अगं, दोन भेंड्या आणल्यास तर बाटशील का?" सिंधुताई चिडायच्या.

"बाटाया काय झालं, बाई? पर कुनी पिकिवली मला ठाव न्हाई. गिऱ्हाइकानं इचारलं तर काय सांगू, रस्त्यात घावली?"

दुसरा हट्ट शब्दाचा. 'संपलं' म्हणायची नाही. जुन्या घरांत मीठ, पीठ, कुंकू संपत नसतं, 'वाढतं'. मल्लम्मा त्यातली कट्टर. पानात पडतं तेही वाढणं, डब्यातून सरतं तेही वाढणं. ऐकणाऱ्यानं तिच्या तोंडाकडे बघून ओळखायचं. तिला लिहिता येत नसे, म्हणून दुपारी दोनला सिंधुताईच पाटीवर खडूनं लिहीत, 'भाकरी वाढल्या'. नवखी माणसं ते वाचून आनंदानं आत शिरत आणि उपाशी बाहेर पडत. गल्ली हसे.

मग लातूर जिल्हा झाला. साहेब आले, जीपा आल्या. पाऊस तेवढा आला नाही. एप्रिलात मल्लम्माच्या विहिरीवर पंपाला पाणी लागेना. तळाशी झरा होता, पहाटेपर्यंत हातभर साचे. सिद्रामप्पा ते बादलीनं शेंदून वाफे भिजवी. त्या हातभर पाण्यावर खानावळ उभी होती.

नायब तहसीलदार पोरसवदा, मुंबईत वाढलेला. म्हणजे संपलेलाच, असं सिंधुताई पुढं म्हणायच्या. रोज बाराला, पाटी लागायच्या आधीच, जेवायला यायचा. एके दुपारी तिसरी भाकरी मोडत त्यानं विचारलं, "मावशी, तुमच्या विहिरीला अजून पाणी आहे म्हणे?"

मल्लम्माचे हात पिठात. "कुठलं, साहेब! वाढलं बगा पानी. परवाच वाढलं."

"वा!" म्हणून त्यानं डायरी काढली.

सिंधुताई शेजारच्याच पाटावर. तोंडात शेंगाचटणी. त्यांना वाटलं, 'वा' चटणीला होती.

चौथ्या दिवशी विहिरीवर टँकर. विहीर अधिग्रहित, मालकानं पाणी उपसू नये. टँकरच्या पाइपानं पहिल्या तासात पाणी ओढलं, मग चिखल, मग नुसतीच हवा. सिद्रामप्पा सांगत राहिला. टँकरवाला म्हणाला, "कागदावर पानी वाढलंय, दादा. मी काय करू?"

सिंधुताई ऑफिसात धडकल्या. "आईनं तुम्हाला कधी 'मीठ वाढलं, वाण्याकडे जा' म्हणून पिटाळलं नाही?"

"आमच्याकडे फोन होता, मॅडम," साहेब हसला. "हे बघा, आता रेकॉर्डवर आलंय. मालकिणीनं लेखी द्यावं, पाणी संपलं आहे. अंगठा चालेल. आदेश लगेच मागे घेतो."

एवढंच होतं! त्यांनी तिथंच अर्ज खरडला, शाईचं पॅड घेतलं, खानावळ गाठली. मल्लम्मानं अर्ज ऐकला आणि हात पदराखाली घेतला.

"झरा जिता हाय, बाई. जित्या हिरीला मेली म्हनू?"

"अगं, नुसता शब्द आहे तो!"

"मंग त्येंनी का न्हाई नुसता शब्द म्हनून सोडला?"

आठ दिवस दोघी भांडल्या. सिंधुताई ओरडायच्या, मूर्ख म्हणायच्या, आणि तिच्याच हातची आमटी भुरकायच्या. टोपली रोज हलकी होत गेली. नवव्या दिवशी तिच्यात अंबाडीच्या वाळक्या काड्या आल्या, आणि निरोप आला, पाइपानं ढवळलेला गाळ बसून झरा बुजला.

मल्लम्मानं चूल विझवली नाही, तिच्या शब्दात वाढवली. पाटीखालचा खडू उचलून सिंधुताईंच्या मुठीत कोंबला. "आता त्यो शब्द लिवा पाटीवर. माझ्या तोंडून न्हाई यायचा. तुमी शिकलेल्या."

"उद्या लिहिते," सिंधुताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मल्लम्मा उदगीरच्या एसटीत बसली होती.

सिंधुताईंनी पेन पुन्हा उचललं.

सगळ्यात जास्त राग माझ्यावर आहे, मल्लम्मा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शब्दांचे अर्थ सांगितले, आणि त्या दुपारी, दोन हातांच्या अंतरावर बसून, एका माणसाला एका शब्दाचा अर्थ सांगितला नाही. चटणी गिळायला कितीसा वेळ लागतो?

पाकीट टपालपेटीत टाकायला त्या गल्लीतून निघाल्या. खानावळीच्या कुलपासमोर एक जीपवाला उभा.

"मावशी, 'भाकरी वाढल्या' लिवलंय, मंग कुलूप कशाला?"

"वाचता येतं ना? मग परत वाच!" त्या खेकसल्या आणि पाटीकडे न बघता पुढं गेल्या. खडू पर्समध्येच होता.