राया मावशीची कात्री

टीव्हीवरच्या अर्सेनी कुदेल्किनची नक्कल स्तारोवोल्स्कमध्ये कुणालाही जमायची. तोंडात गरम बटाटा धरल्यासारखे गाल फुगवायचे, उजवी भुवई वर चढवायची आणि दर तिसऱ्या शब्दाला श्वास अडकल्यासारखं थांबायचं. "नागरिकहोऽ, प्रश्न असा आहे... की हे सगळं... कुणाच्या इशाऱ्यावर?" शाळेतली पोरं करायची, बाजारातल्या काकडीवाल्या करायच्या. दारूच्या दुकानासमोरचा लंगडा फेदोत तर न मागता करायचा आणि वर टाळ्यांची वाट बघायचा.

रइसा तिखोनोव्ना तेवढी करत नसे. गावातल्या टीव्ही केंद्रात एकतीस वर्षं ती चित्रफिती कापायचं आणि जोडायचं काम करत आली होती. कुदेल्किनचा मूळचा आवाज तिच्या कानात पक्का बसला होता. बारीक, नाकातला, 'र' म्हणताना जरासा घसरणारा.

याच केंद्रात बातमीदार म्हणून लागला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, कोपरावर ठिगळ लावलेला आईचा स्वेटर घालून यायचा. ही त्याला सेन्या म्हणायची, तो हिला राया मावशी म्हणायचा आणि हिच्याच डब्यातले शेपू घातलेले बटाटे संपवायचा. त्या जानेवारीत सगळ्या गावाची घरं गरम ठेवणारं बॉयलरघर बंद पडलं. मुलांच्या दवाखान्यात खिडकीतल्या पेल्यातलं पाणी गोठलं. सेन्यानं तो पेला तसाच उचलला, उपमहापौरांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि कॅमेऱ्यासमोर म्हणाला, "प्या." उपमहापौर सहा सेकंद त्या बर्फाकडे बघत राहिले. ते सहा सेकंद कापून टाक, असं संचालक म्हणत होते. रइसानं कापले नाहीत. तिसऱ्या दिवशी घराघरातल्या नळ्या गरम झाल्या आणि लोकांनी केंद्राच्या दारात खारवलेल्या अळिंबीच्या बरण्यांची रांग लावली. आपल्या हातून काही चांगलं झालं असेल तर ते एवढंच, असं ती पुढं कितीतरी वर्षं धरून चालली होती.

मग सेन्या मॉस्कोला गेला. दोन-तीन वर्षं बरं काम केलं. पुढं त्याला नवे दात आले, नवा कोट आला, आणि तो बटाट्याचा आवाज आला. त्याच्या कार्यक्रमाचं नाव 'दार उघडा'. ज्याला परदेशाचा हस्तक ठरवायचं, त्याच्या दारात हा सकाळी सकाळी उभा राहायचा आणि हसत हसत दोन लाल कार्नेशन पुढं करायचा. दोन. जोडीनं फुलं फक्त थडग्यावर वाहतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. समोरचा माणूस ती फुलं घेऊ की नको अशा घोटाळ्यात पडला की त्याचा तो चेहरा महिनाभर जाहिरातीत फिरायचा. एका डॉक्टरची नोकरी गेली. एक प्राध्यापक बाई रातोरात देश सोडून तिबिलिसीला निघून गेल्या. एका म्हाताऱ्या वकिलाच्या खिडक्या शेजाऱ्यांनीच फोडल्या. रइसा टीव्ही बंद करायची, तर तोच आवाज दोन्ही बाजूंच्या भिंतींतून यायचा.

नोव्हेंबरात तो स्तारोवोल्स्कला आला. दार झोया मार्कोव्नाचं होतं.

झोया शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिनं आपल्या घरात अकरा निराधार म्हातारे ठेवून घेतले होते. त्यांच्यासाठी फिनलंडमधल्या एका चर्चनं पलंग पाठवले, एवढाच तिचा गुन्हा. घराची परवानगी चालू ठेवायची की नाही ते नगरपालिकेची समिती गुरुवारी ठरवणार होती. परवानगी गेली असती तर त्या अकरा जणांना दोनशे किलोमीटरवरच्या सरकारी आश्रमात पाठवलं असतं. तिथं गेलेल्या माणसाचं पहिलं पत्र बहुधा तिथल्या कारकुनाच्या अक्षरात येतं, आणि त्यात त्याच्या मृत्यूची तारीख असते.

कुदेल्किनचा संकलक आजारी पडला होता, म्हणून तो स्वतःच रइसाच्या खोलीत येऊन बसला. "राया मावशी, हात अजून चालतो ना?" म्हणत त्यानं तिच्या डब्याचं झाकण न विचारता उघडलं. तिला ते अन्न पुन्हा तोंडात घालवेना.

फितीत झोयाला त्यानं विचारलं होतं, फिनलंडला पत्र तुम्हीच लिहिलंत का? ती म्हणाली होती, "हो, मीच. त्यात लपवण्यासारखं काय आहे?" पुढं तासाभरानं त्यानं विचारलं, तुमच्याकडे शस्त्रांच्या कारखान्यातले जुने कामगार राहतात, त्यांची नावं तुम्ही बाहेर कळवलीत का? त्यावर झोया नुसती हसली होती आणि नाही म्हणाली होती.

"ते हसू काढा," कुदेल्किन बटाटा चावत म्हणाला. "तिथं मघाचं उत्तर लावा."

"सेन्या, ते दुसऱ्या प्रश्नाचं आहे."

"मावशी, तुमच्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत ना? संचालक म्हणत होते."

तिनं लावलं.

लावताना तिला एक गोष्ट दिसली. स्तारोवोल्स्कचे कॅमेरावाले मुलाखतीआधी भिंतीवरचं घड्याळ उतरवतात, नाहीच निघालं तर त्यावर आपली टोपी अडकवतात. पुढचं मागं करावं लागतं आणि काटे चुगली करतात, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं असतं. मॉस्कोच्या पोरांनी घड्याळाला हातच लावला नव्हता. झोयाच्या डोक्यावर ते ठळक दिसत होतं. प्रश्नाच्या वेळी अकरा चाळीस, उत्तराच्या वेळी दहा पंचवीस. चित्र थोडं मोठं केलं की घड्याळ चौकटीबाहेर गेलं असतं. दोन मिनिटांचं काम. रइसानं ते केलं नाही. ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल, असं स्वतःशी म्हणत ती घरी गेली आणि बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली.

रविवारी सगळ्या गावानं कार्यक्रम पाहिला. सोमवारी पावाच्या दुकानात घड्याळाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पडदे किती भारी होते यावर चर्चा झाली. कपाट नक्की जर्मन, असं कुणीतरी सांगितलं. गल्ल्यावरची क्लावा पाव पिशवीत कोंबत म्हणाली, "मी काय म्हणते, मरायला इतके मऊ पलंग कशाला लागतात गं? माझी सासू लोखंडी खाटेवर गेली. हूं की चूं केलं नाही बाईनं." रांग खदखदून हसली. त्याच रांगेत दोघी अशा होत्या, ज्यांच्या आयांना शेवटी झोयानंच धुतलं-पुसलं होतं. त्याही हसल्या. रइसाला त्या तोंडांकडे बघवेना.

संध्याकाळी फोन वाजला. आज आवाज बटाट्याचा नव्हता, तो जुना, नाकातला होता.

"मावशी, घड्याळ राहिलं बरं का."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी तिथंच पाहिलं होतं, तुमच्या शेजारी बसून. म्हटलं राहू दे, म्हातारीला तेवढंच समाधान. बघतंय कोण?" आणि तो मनापासून, केंद्रात नवा असताना हसायचा तसा हसला.

रइसानं फोन ठेवला आणि मोरीत जाऊन त्यानं उघडलेला तो डबा पुन्हा घासला. त्याची किळस आली होतीच, पण ती तिला सवयीची होती. ही किळस वेगळी होती. जे आपलं बंड समजून ती चार रात्री सुखानं झोपली होती, ते त्यानंच तिला खाऊ दिल्यासारखं दिलं होतं.

मंगळवारी तिनं मूळ मुलाखत पहिल्यापासून शेवटपर्यंत एका चकतीवर उतरवून घेतली. गुरुवारी ती नगरपालिकेत गेली. समितीचे अध्यक्ष सावेली इग्नातिच प्रत्येक वाक्याचं शेपूट गिळून बोलतात. "नियमानुसार बाहेरच्यांना इथं... आपण कोण... कशासंबंधी..."

"कार्यक्रमातलं ते उत्तर दुसऱ्या प्रश्नाचं आहे," ती म्हणाली. तिनं कार्यक्रम लावायला लावला, योग्य जागी थांबवला आणि पडद्यावरच्या घड्याळावर बोट ठेवलं.

सावेली इग्नातिच चष्मा वर-खाली करत राहिले. "घड्याळ बिघडलेलं... असू शकतं..."

"बिघडलेलं नाही. मी जोडलंय ते. माझ्या हातानं. ही पूर्ण फीत."

चकती टेबलाच्या मध्यावर पडून राहिली. साहेबांनी तिला बोट लावलं नाही, मेलेल्या उंदराकडे बघावं तसे ते तिच्याकडे बघत होते. शेवटी कोपऱ्यातली टंकलेखिका कंटाळून म्हणाली, बाईंचं पूर्ण नाव सांगा, इतिवृत्तात घ्यावं लागेल. एकदा इतिवृत्तात गेल्यावर साहेबांना ते गिळता येईना. निर्णय मे महिन्यापर्यंत पुढं ढकलला गेला. अकरा जणांचा हिवाळा तरी निघणार होता.

केंद्रात संचालकांनी कोरा कागद पुढं सरकवला. 'स्वखुशीनं राजीनामा देत आहे' एवढंच लिहायचं होतं. तिनं लिहिलं. कुदेल्किनला तोवर दुसऱ्या गावात दुसरं दार सापडलं होतं, आणि फेदोतला त्याच्या नकलेसाठी नवं वाक्य.

त्या गुरुवारी नगरपालिकेच्या पायऱ्यांवर मात्र झोया मार्कोव्ना भेटली; आतलं सगळं तिच्या कानावर गेलं होतं. रइसा काहीतरी बोलायला गेली. झोयानं हातमोजे घालून होईपर्यंत तिच्याकडे पाहिलं नाही.

"सोमवारी सकाळी ये," ती म्हणाली. "अकरा जणांना आंघोळ घालायची असते, आणि माझी कंबर गेलीय. माझ्याशी बोलायचं नाही पण."

रइसा सोमवारी गेली. बोलली नाही.