आक्कांचं एकाशन आणि बिनछताची गाडी

गाडी दिसायला सुंदर होती, म्हणून मी माझ्या सख्ख्या नणंदेला दीड दिवस उपाशी ठेवलं.

हे मी लहान असताना घडलं. म्हणजे तेव्हा मी अवघी बासष्ट वर्षांची होते. गुडघे पिकले होते, अक्कल तेवढी हिरवी होती.

आमचा सम्मेद बेंगळुरूहून एक वापरलेली परदेशी गाडी घेऊन आला. दोन दारं, चार सीटा (त्यांतल्या मागच्या दोन फक्त कागदोपत्री!) आणि बटण दाबलं की छत आपोआप घडी होऊन डिकीत जाऊन निजणार. रंग काळपट हिरवा. गाडीचे मालक आम्ही तिघं. पैसे सम्मेदचे, कागदावर नाव ह्यांचं आणि मतं माझी.

ह्यांनीही स्वतःचं एक मत बाळगलं होतं, ते पहिल्याच दिवशी बाहेर पडलं. गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "नाक लई लांब हाय रं. नाक निपाणीत पोचंल तवा आपण अजून हत्तरगीच्या टोलवर असू."

"बाबा, ग्रँड टूरिंग म्हणत्यात ह्याला. लांबच्या प्रवासाला बनवलीय."

"लांबच्या प्रवासाला, आणि मागं पाय ठेवाय जागा न्हाय? पाय आदी पार्सलनं पाठवायचं व्हय?"

माझी गोष्ट वेगळी. बेळगावातल्या मुलींच्या शाळेत मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. पोरींच्या झोपड्या, नारळाची झाडं आणि दोन डोंगरांमधले सूर्य दुरुस्त करून करून माझी अशी समजूत झाली होती की, जगातल्या कुठल्याही वस्तूनं आकार घेण्याआधी मला विचारायला हवं. मी एक डोळा मिटला, अंगठा पुढे धरला आणि निकाल दिला.

"छत लावलं की रेषा मोडते. छत लावायचं नाही."

"आई, ऊन लागंल."

"टोपी घाल."

"पाऊस आला तर?"

"थांबेल तो."

आठवड्याभरात आक्का, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, डोळे तपासायला सकाळच्या बसनं निपाणीहून बेळगावला आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. त्या दिवशी त्यांचं एकाशन होतं. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही सूर्य मावळायच्या आत. आणि निपाणीच्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, भगवंताचं दर्शन घेतल्याशिवाय त्या पाटावर बसत नसत. ताटही घरच्याच माणसाच्या हातचं लागे. बाराच्या बसनं परत जाते म्हणाल्या. मला कुठली बस खपायला! दारात एवढी रेषा उभी असताना?

"आक्का, गाडीनं सोडतो. दीड तासाचा तर रस्ता. डबा मी सोबत घेते, दर्शन घेतलं की लगेच ताट वाढते."

"दिवस बुडायच्या आत पोचू न्हवं गं, पद्मे?"

"दिवस बुडायच्या आत तुमची वामकुक्षी होईल!"

मुगाची उसळ, पुरणपोळ्या, शेंगदाण्याची चटणी. डबा डिकीत गेला. त्याच्यावर छत घडी होऊन निजलं. (हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.)

तीन वाजता निघालो. पुढे सम्मेद आणि मानाच्या सीटवर आक्का. मागे आम्ही नवरा-बायको, चौघं म्हणजे दोन माणसं आणि दोन जोड गुडघे. मी लाल काठाची इरकल नेसले होते. हिरव्या गाडीवर लाल काठ उठून दिसावा म्हणून पदर मागच्या झाकणावर छान पसरून ठेवला होता. सम्मेदनं गाडी हायवेकडे वळवली, तशी मी म्हणाले, "आधी सांबऱ्याला घे. आमच्या हेडबाईंना दाखवू. वाटेवरच आहे."

सांबरा निपाणीच्या वाटेवरच आहे. फक्त वाट उलटी आहे.

हेडबाई काठी टेकत अंगणात आल्या. गाडीकडे पाच मिनिटं बघून त्यांनी विचारलं, "छान आहे. उरलेली कधी येणार?"

त्यांना रेषा समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. त्यांना समजली नाही. (मलाही नीट समजली नव्हती, पण मी शिक्षिका होते.) आक्का गाडीतच बसून होत्या. दोनदा सूर्याकडे बघून झालं होतं.

हायवेला लागलो तेव्हा सव्वाचार झाले होते. संकेश्वरच्या अलीकडे पुढे एक ट्रक आला. ताडपत्री एका बाजूनं सुटलेली आणि आत तंबाखू, निपाणीच्या बाजारची, वाळलेली, कडक. तिची बारीक पूड आमच्या उघड्या गाडीत पाहुण्यासारखी येऊन बसली. आधी हे शिंकले. मग सम्मेद. मग मी. आक्कांनी णमोकार मंत्र म्हणता म्हणता दोन ओळींच्या मध्ये बरोबर जागा काढून शिंक दिली.

"आई, छत लावतो!"

"रेषा... आक्छी! ...मोडते!"

"तुज्या रेषेच्या..." हे म्हणाले आणि पुढच्या शिंकेसरशी ह्यांची टोपी उडाली, ती थेट मागच्या उसाच्या ट्रॉलीवर जाऊन बसली. थांबणं आलं. हे पेरं-पेरं करत उसावर चढून टोपी शोधायला लागले. गाडी बघायला ही गर्दी!

"काकू, हिचं छप्पर चोरीला गेलं काय?"

"पुढनं मगरीगत दिसतीया रं."

"आणि मागनं हिच्यावर कुणी बसल्यागत!"

आता अशा वेळी शहाणी बाई गप्प बसली असती. मी बॉनेटवर जमलेल्या तंबाखूत बोट फिरवून गाडीची आकृती काढली आणि त्या वीस-पंचवीस अडाण्यांना (तेव्हा मला तसं वाटत होतं) शास्त्रशुद्ध सौंदर्य शिकवायला घेतलं.

"पद्मे," आक्का शांतपणे म्हणाल्या, "दिवस कलला गं."

"आलेच, आक्का! एवढी मागची रेषा झाली की..."

निपाणीत बस्तीसमोर आक्कांच्या आळीत गाडी थांबली तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. दिवस साडेसहाला मावळणार. म्हणजे वेळ होता! आक्का तरातरा दर्शनाला गेल्या. हे कडेवरून पाय टाकून बाहेर पडले. मी मात्र आळीतल्यांना नीट दिसावं म्हणून मागेच महाराणीसारखी बसून राहिले.

"सम्मेद, डबा काढ."

"छत वर केल्याबिगर डबा निघत न्हाय, आई. छत त्याच्यावर हाय."

"मग कर वर!" (शेवटी रेषा मोडायला मीच सांगितलं.)

त्यानं बटण दाबलं. मागचं झाकण उचललं, छत उठलं आणि त्याच्याबरोबर माझा पदरही उठला. तो कुठल्याशा दांड्यात असा गुंडाळला गेला की छत अर्ध्यात अडकलं आणि मान मागे ओढली जाऊन मी आकाशाकडे बघू लागले. गाडी पीं पीं करायला लागली. डिकी दोन बोटं उघडली. तेवढ्या फटीतून पुरणपोळीचा वास बाहेर आला. डबा आला नाही.

"बटण दाब की रं!"

"दाबलंय की, बाबा! ती पदर सोडंना झालीय!"

शेजारच्या सुशीलाकाकू कात्री घेऊन धावत आल्या. "कापू का गं?"

"थांबा! इरकल आहे!"

"अगं, आक्कांचं जेवान!"

"काठ सोडून कापता येईल का बघा... थोडं डावीकडून... तिथं नको, तिथं नक्षी आहे!"

तेवढ्यात आक्का बस्तीच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डिकीच्या फटीकडे पाहिलं आणि मग पश्चिमेला पाहिलं. समोरच्या दोन घरांच्या मधोमध सूर्य टेकला होता, पोरींच्या चित्रातल्यासारखा. एकतीस वर्षं मी तो सूर्य दोन डोंगरांत बसवत आले. तो खाली जातो, हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

गेला.

सुशीलाकाकूंनी कात्री खाली केली. गाडीसुद्धा पीं पीं करायची थांबली.

आक्कांनी हात जोडले. "ऱ्हाऊ दे. उद्या जेवीन."

"आक्का, चुकलं हो माझं..." मी आकाशाकडे बघतच म्हणाले. मान वळत नव्हती.

आक्का जवळ आल्या. काठ सोडून नाही आणि नक्षी बघून नाही, काकूंच्या हातातली कात्री घेऊन सरळ आडवी चालवून त्यांनी मला सोडवलं. मग चार पावलं मागं सरून गाडीकडं बघितलं. आजवर त्यांना कुणी मत विचारलं नव्हतं.

"रूप झ्याक हाय गं," त्या म्हणाल्या. "खाता आलं असतं तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधीपासून मी त्यांच्या दारात ताट घेऊन उभी होते. बेळगावहून पहिल्या बसनं आले होते.

पुढे सम्मेदनं दांड्यात अडकलेला पदर काढला आणि त्याचं गाडी पुसायचं फडकं केलं. आजही आळीत गाडी उभी राहिली की लोक म्हणतात, ह्या गाडीवर सगळ्यात शोभून दिसतं ते लाल काठाचं फडकंच! मी एक डोळा मिटून, अंगठा धरून पाहिलं. बरोबर आहे त्यांचं. फक्त माझ्या अंगावर ते कधी इतकं शोभलं नव्हतं.