चालू शे की बंद शे

लोणखेड्याचे रतिलाल आप्पा म्हणजे माझे सख्खे काका. बांधावरचा साप काठीने उचलून पलीकडे टाकणारा, लाइनमनची वाट न बघता डीपीचा फ्यूज स्वतः घालणारा माणूस. असा माणूस मागच्या हिवाळ्यात फोनवरच्या एका खेळापुढे चळाचळा कापत होता, हे सांगितलं तर गावात कुणी विश्वास ठेवणार नाही. मी मात्र डोळ्यांनी पाहिलं आहे.

खेळ मीच त्यांना फोनमध्ये टाकून दिला होता. परदेशातले काही संशोधक विसरण्याच्या आजारावर काम करतात. उंदराच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या चित्रफिती त्यांच्याकडे इतक्या साठल्या, की बघायला माणसं पुरेनात. म्हणून त्यांनी त्याचा खेळ केला. वाहिनीतलं रक्त वाहतंय की अडकलंय ते ओळखायचं आणि बटण दाबायचं. पुष्कळ लोकांचं उत्तर जुळलं की संशोधक ते धरतात. आप्पांची केळी ठिबकवर. रोज नळी कुठे तुंबली ते बघत फिरणाऱ्याला हे घरचंच काम. "चालू शे," "बंद शे," असं मोठ्याने बोलत ते खेळत. शिवाय त्यांचे वडील, आमचे दोधूबाबा, शेवटी सगळं विसरले होते. आप्पा घास भरवत आणि बाबा विचारत, "तू कोना पोऱ्या शे?" आप्पा म्हणत, "तुम्हनाच, बा." असं रोज चाले.

खेळात एक मेख आहे. मधूनच ते अशी चित्रफीत घुसवतात, जिचं उत्तर त्यांना आधीच ठाऊक असतं. आपण चुकलो की बाजूची हिरवी पट्टी खाली येते. आप्पांची पट्टी कायम काठोकाठ असायची. डिसेंबरात ती उतरू लागली.

आधी आप्पांनी खेळाला शिव्या घातल्या. मग शिव्याही थांबल्या. एके दिवशी त्यांनी मला केळीच्या बागेत गाठलं.

"भाग्या, खरं सांग. मी भुली ऱ्हायनू का?"

"आप्पा, थोडंफार सगळेच विसरतात."

"बा बी असंच म्हने."

हा आजार घराण्यात उतरतो म्हणतात, आणि घराणं माझंही तेच. त्या दिवसापासून मीसुद्धा भाचरांची नावं मनातल्या मनात म्हणून बघू लागलो.

शेवटी एका दुपारी मी त्यांना ओट्यावर बसवून माझ्यासमोर खेळायला लावलं. एकही उत्तर चुकलं नाही. पट्टी वर चढली. दुसऱ्या दिवशी बघतो तर पुन्हा उतरलेली, आणि आप्पांनी फोनला हातही लावला नव्हता. वावरात ते साधा फोन नेतात, हा मोठा फोन घरीच असतो. म्हणजे दुसरं कुणीतरी खेळत होतं.

आम्ही वावरातून लवकर परतलो. मीनाकाकी स्वयंपाकघरात पाटावर बसून फोनवर बोट फिरवत होती. आप्पांना हसूच फुटलं. कितीतरी दिवसांनी ते असे हसले.

"हाई चोर तं घरमाच शे! चालू शे ते बी बंद दाबस का वं?"

काकी हसली नाही. तिने फोन मांडीवर पालथा ठेवला.

"तुमी वावरमा गयात की मी खेळस."

"कसाले?"

"काल मन्हा सख्खा भाऊनं नाव आठवनं नही. कुकर गॅसवर ठेवस नि त्यामा पानी टाकाले भुली जास. बा नं जसं व्हयनं, तसंच मन्हं व्हई का, हाई तपासी ऱ्हायनी. रोज पट्टी उतरस."

आप्पांचं हसू तसंच तोंडावर राहिलं होतं. मग ते घाईघाईने म्हणाले, "चष्माना नंबर वाढना व्हई. उद्या शहादाले जाऊत, डॉक्टरले दखाडूत." काकीने मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं, आणि आम्हालाही.

आप्पा बाहेर येऊन ओट्यावर बसले. मला हळूच म्हणाले, "ती पट्टी मन्हीच ऱ्हाती तं बरं व्हतं रे."

आतून काकीने चहा ठेवू का म्हणून विचारलं. आप्पा हो म्हणाले आणि लगेच उठून आत गेले. त्या घरात आजवर स्वतः चहाचं आधणही न ठेवलेला माणूस गॅसपाशी, काकीच्या शेजारी जाऊन उभा राहिला.