नानांचा कान

मंडळी, दुपारपासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहितोय. गावाचं नाव मुद्दाम टाळतोय.

माझी अठरा वर्षांची गाडी महिनाभर मिसिंग मारतेय, गचके खातेय. आमचे जुने मिस्त्री नाना, त्यांनी दोनदा प्लग बदलला, फरक काहीच नाही. आज धुळ्याहून येताना चढावर गचके वाढले, तशीच त्यांच्याकडे नेली.

नानांना मशीन लागत नाही. चालू इंजिनावर ते एकेका प्लगची वायर काढतात. जी काढूनही आवाज बदलत नाही, तिचा सिलेंडर बंद.

दुसरी वायर काढली, आवाज तसाच. नानांनी ती परत लावली. तिसरी काढताच इंजिन धडधडायला लागलं आणि नाना म्हणाले, "हाऊच बंद शे." म्हणजे हाच बंद आहे.

"नाना, दुसरा," मी म्हणालो. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी इंजिन बंद केलं.

"आते माले कमी ऐकू येस, भाऊ. कोणले सांगू नको."

मी मान डोलावली.

दुसऱ्याचा प्लग बदलून झाल्यावर गाडी बाहेर काढली, तर मागे थांबलेली गाडी आत शिरली. तो माणूस नानांना सांगत होता, "ब्रेक दाबला की बारीक आवाज येतो, जरा ऐकून बघा."

मी काही न बोलता निघून आलो. तुम्ही बोलला असता का?